राक्षस आधी हात का उचलतो?

दिवाळीच्या सुट्टीत नागभीडला गेलो, तर भाचा ओसरीवर मोबाइल घेऊन घामाघूम. "मामाजी, आठ वेळा मरलो! हा बॉस मरतच नाही ना!" पडद्यावर ताडाएवढा दगडी राक्षस, आणि आमचा वीर त्याच्या घोट्याएवढा.

बॉस म्हणजे काय, ते तुम्हाला मी काय सांगणार? लेव्हलच्या शेवटी वाट अडवून बसलेला सगळ्यात दांडगा शत्रू. १९७५ साली अमेरिकेत 'डीएनडी' नावाचा खेळ निघाला. त्यात खजिना राखणारा सोनेरी ड्रॅगन होता, बरेच जण त्यालाच पहिला बॉस मानतात. आपल्या पुण्यात बनलेल्या 'राजी' या २०२० सालच्या खेळात सर्कशीतली एक पोरगी धाकट्या भावाला, गोलूला, सोडवायला निघते आणि शेवटी तिची गाठ पडते महाबलासुराशी.

"या वेळी लढू नकोस, नुसता पळ आणि बघ," मी म्हटलं. आम्ही दोघं डोकं लावून बघत बसलो. राक्षस हात मागे नेतो, डोळे लाल करतो, गुरगुरतो, आणि मगच घाव घालतो. दर वेळी! एवढा बलाढ्य गडी, मग आधी वर्दी कशाला देतो?

उत्तर हवं, तर घरातली ३० सेंटिमीटरची पट्टी आणा. एकाने ती वरून उभी धरायची, दुसऱ्याने खालच्या टोकाशी चिमूट उघडी ठेवायची. न सांगता सोडा. भाच्याने पकडली ती २० सेंटिमीटरवर. तेवढं पडायला पट्टीला साधारण ०.२ सेकंद लागतात. डोळ्यांनी पाहिलं, मेंदूला कळलं, बोटं मिटली, यातच तो वेळ गेला. राक्षसाने त्याहून झटकन मारलं, तर बहुतेक खेळाडू वाचणारच नाहीत. म्हणून खेळ बनवणारे त्याला मुद्दाम सावकाश हात उगारायला लावतात.

राक्षसाच्या पोटात राग-बिग काही नसतो. असते एक यादी: थांब, हात उगार, मार, दम खा, पुन्हा थांब. लाइफ अर्ध्यावर आली की दुसरी यादी, जरा जास्त चवताळलेली. तो दम खातो ना, तीच तुमची वेळ!

आता घोडाझरीच्या जंगलातला वाघ आठवा. तो वर्दी देतो का? दबा धरतो, पाऊल वाजू देत नाही, आणि येतो तो बहुधा मागून. बॉस म्हणून वाघ अगदी बिनकामाचा! बॉसचा खरा भाऊबंद आपल्या झाडीपट्टीच्या नाटकातला खलनायक. रात्री मंडपात आधी वाद्यं कडाडतात, मग पडद्यामागून ते हसू, मग स्वारी. मागच्या रांगेतल्या पेंगणाऱ्या पोरालाही कळतं, आला! त्याला हरायचंच असतं, पण थाटात.

एवढ्यात आजी बाहेर आली. "मले द्या तं." मी पट्टी सोडली. तिने ६ सेंटिमीटरवर पकडली! भाचा थक्क. पुन्हा सोडली, पुन्हा ६. गणितात हे बसेना.

आजी पदराने हात पुसत म्हणाली, "पट्टीकडं कोन पायते? सोडाच्या आधी तुझे ओठ हालतेत ना."