पेकिंग ते पॅरिस : एका प्रवासाची तरतूद

परदेशातील दीर्घ मोटारप्रवासात अडचणी येणार, हे गृहीतच धरावे लागते. यंत्रातील बिघाड आणि प्रतिकूल हवामान या दोन्ही गोष्टी प्रवाशाच्या स्वाधीन नसतात. स्वाधीन असते ती त्यांची आगाऊ तजवीज. १९०७ सालची पेकिंग ते पॅरिस ही मोटारशर्यत याचे बोलके उदाहरण आहे.

पॅरिसच्या ‘ल मातँ’ या दैनिकाने ३१ जानेवारी १९०७ रोजी या प्रवासाचे जाहीर आव्हान दिले. १० जून रोजी पेकिंगहून पाच वाहने निघाली : इटलीची इटाला, हॉलंडची स्पायकर, फ्रान्सच्या दोन द दियाँ-बुताँ आणि काँताल ही तीनचाकी. अंतर सुमारे १५,००० किलोमीटर. वाटेत पेट्रोलपंप नव्हते, दुरुस्तीची सोयही नव्हती.

इटालाचे मालक राजपुत्र शिपिओने बोर्गेझे यांनी तयारीला आधीच प्रारंभ केला होता. पेकिंगच्या उत्तरेकडील डोंगरवाटा त्यांनी घोड्यावरून पाहून घेतल्या आणि मोटारीच्या रुंदीचा बांबू जवळ ठेवून अरुंद खिंडी मोजल्या. मार्गातील ठिकठिकाणी पेट्रोलचे साठे ठेवण्याची व्यवस्था केली. गोबीच्या वाळवंटात ते उंटांवरून पोहोचविण्यात आले. स्पायकरचे चालक शार्ल गोदार यांच्यापाशी धाडस अमाप होते, परंतु पैसा पुरेसा नव्हता. गोबीत त्यांचे पेट्रोल संपले आणि त्यांना इतरांच्या मदतीची वाट पाहावी लागली. काँतालची गत अधिक वाईट झाली. ती वाळवंटातच सोडून द्यावी लागली आणि तिच्या दोघा प्रवाशांचे प्राण थोडक्यात वाचले.

पुढे सैबेरियात पावसाने गाठले. रेल्वे झाल्यापासून तेथील जुन्या टपालमार्गाची डागडुजी थांबली होती. रस्त्याचा चिखल झाला होता, लाकडी पूल कुजले होते. बैकल सरोवराच्या परिसरात असाच एक पूल इटालाच्या भाराने कोसळला आणि मोटार खाली गेली. रेल्वेच्या कामगारांनी ती बाहेर काढली. काही अंतर तर परवानगी घेऊन चक्क रुळांवरून कापावे लागले. युरोपीय रशियात लाकडी चाक निकामी झाले. ते एका खेड्यातील गाडीसुताराने पुन्हा घडवून दिले. स्पायकरचा मॅग्नेटो, म्हणजे ठिणगी निर्माण करणारे यंत्र, सैबेरियात बिघडला. तो दुरुस्त करून घेण्यासाठी गोदार यांना रेल्वेने टोम्स्क गाठावे लागले.

१० ऑगस्ट रोजी इटाला पॅरिसला पोहोचली. उरलेल्या तीन मोटारी ३० ऑगस्ट रोजी आल्या. गोदार मात्र त्यांत नव्हते. पैशाच्या व्यवहारातील फसवणुकीच्या आरोपावरून त्यांना वाटेतच अटक झाली होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. बोर्गेझे यांच्या वाट्याला संकटे कमी आली नाहीत. पूल त्यांच्याच मोटारीखाली कोसळला आणि चाकही त्यांचेच मोडले. परंतु इंधन व पैसा यांची चिंता आधीच मिटलेली असल्यामुळे, समोर उभ्या ठाकलेल्या अडचणीकडे त्यांना संपूर्ण लक्ष देता आले. गोदार यांना प्रत्येक अडचणीबरोबर पैशाचीही विवंचना वाहावी लागली.

आजच्या प्रवाशालाही हाच नियम लागू पडतो. परदेशी मोटार चालविण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना घ्यावा. स्वतःची मोटार नेणार असल्यास अनेक देशांत ‘कार्ने’ हे सीमाशुल्काचे हमीपत्र लागते आणि ते मिळविताना बहुधा बँक गॅरंटी अथवा ठेव द्यावी लागते. मोटार भाड्याने घेतल्यास विम्याच्या अटी बारकाईने वाचाव्यात; टायर, काच आणि रस्त्यावरील मदत यांचा खर्च पुष्कळदा त्यात समाविष्ट नसतो. सर्व पैसा एकाच कार्डावर न ठेवता काही रोख परकीय चलन जवळ बाळगावे. वादळाने मुक्काम लांबल्यास दोन-तीन दिवसांचा जादा खर्च भागेल, अशी वेगळी रक्कमही असावी. ही रक्कम न वापरता परत आली, तरी ती वाया गेली असे कोणी समजू नये. तिच्याच आधारावर प्रवासी निश्चिंतपणे घराबाहेर पडलेला असतो.