शिदोरीची झडती

प्रवासास निघणाऱ्याच्या हातीं कांहीं तरी बांधून दिल्यावांचून त्यास उंबरठ्याबाहेर पाऊल टाकूं द्यावयाचें नाहीं, ही आपल्या घरांतील रीत फार जुनी आहे. बैलगाडी गेली, मोटार आली, वाशीमच्या स्टेशनावरून माणसें आगगाडीनें जाऊं-येऊं लागलीं. शिदोरी मात्र सुटली नाहीं. आमच्या मालेगांवास (नाशिक जिल्ह्यांतील नव्हे, वाशीम जिल्ह्यांतील) विमान ही पुष्कळ वर्षें मान वर करून पाहावयाचीच वस्तु होती. समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला, आणि नागपूरचा विमानतळ पूर्वीच्या मानानें अंगणांत आल्यासारखा झाला. मुलगा पुण्यास, मुलगी परदेशीं आणि आईवडील गांवीं, असा संसार आज कित्येक घरांचा झालेला आहे. त्यामुळें वर्षा-दोन वर्षांतून एकदां तरी वडील मंडळींस विमानाची पायरी चढावी लागते. शिदोरी अर्थातच बरोबर असते, आणि विमानतळावर झडती होते ती तिचीच.

ह्या झडतीविषयीं जीं गाऱ्हाणीं आमच्या कानांवर येतात, त्यांत दोन सूर निरनिराळे ओळखूं येतात. “आम्ही काय चोर आहोंत?” हा एक, आणि “वस्तु कां काढून घेतली, हें कोणी सांगेल तर शपथ!” हा दुसरा. पहिल्या गाऱ्हाण्यांत आम्हांस फारसें तथ्य दिसत नाहीं. दुसऱ्यांत मात्र पुष्कळ आहे.

पूर्वीं ही झडती नव्हती. १९४९ सालीं रात्रीच्या टपालाचीं विमानें सुरू झालीं, तेव्हां मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास येथून निघालेलीं विमानें मध्यरात्रीं नागपुरास एकत्र येत, थैल्यांची व उतारूंची अदलाबदल होई, आणि उजाडतां उजाडतां तीं आपापल्या ठिकाणीं परतत. त्या काळीं सामानाचें वजन होई. आंत काय आहे, हें कोणी विचारीत नसे. हा भोळेपणा संपला तो अपहरणांमुळें. २० डिसेंबर १९७८ रोजीं लखनौहून दिल्लीस जाणारें विमान दोघां तरुणांनीं धाक दाखवून काशीस उतरविलें. त्यांच्याजवळचीं शस्त्रें खेळण्यांतलीं होतीं, हें मागाहून उघड झालें. नातवाची प्लॅस्टिकची बंदूक पिशवींतून काढून ठेवावयास सांगणाऱ्या जवानास हंसण्यापूर्वीं हा प्रसंग आठवावा. २९ सप्टेंबर १९८१ रोजीं दिल्लीहून अमृतसरास निघालेलें विमान कृपाणांच्या धाकानें लाहोरास नेण्यांत आलें. २३ जून १९८५ रोजीं ‘कनिष्क’ विमान आयर्लंडजवळ समुद्रावर फुटून ३२९ जीव गेले. ज्या बॅगेंत बाँब होता, तिचा धनी विमानांत चढलाच नव्हता. त्यानंतर १९८७ सालीं नागरी विमानवाहतूक सुरक्षेचें खातें स्वतंत्र करण्यांत आलें. डिसेंबर १९९९ मधील कंदाहारचें प्रकरण तर बहुतेकांच्या स्मरणांत आहे. त्याच्या पाठोपाठ, फेब्रुवारी २००० मध्यें जयपुरापासून आरंभ करून, विमानतळांचा पहारा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोंपविण्यांत आला. सारांश, जवान आपली पिशवी उचकतो तो आपल्यावरील संशयानें नव्हे.

मग नेमका लाडवांचाच डबा कां उघडतात? ह्याचें उत्तर यंत्राच्या पोटांत आहे, आणि तें मोठें मौजेचें आहे. पट्ट्यावरून सरकणाऱ्या पिशवीवर यंत्र दोन निरनिराळ्या शक्तींचे एक्स-रे सोडतें. कोणता पदार्थ कोणते किरण किती अडवितो, ह्यावरून यंत्र त्याची जात ठरवितें आणि पडद्यावर तिला रंग देतें. लोखंड, पितळ वगैरे धातु निळ्या रंगांत उमटतात. अन्न, कापड, कागद, लांकूड, साबण हे सेंद्रिय पदार्थ नारिंगी दिसतात. ह्या दोहोंच्या मधले हिरवे. आतां अडचण अशी कीं, बहुतेक स्फोटक द्रव्येंहि सेंद्रियच असतात व तीं ह्याच नारिंगी रंगांत दिसतात. डिंकाचे लाडू डब्यांत दाबून भरले, कीं पडद्यावर एक दाट, भरीव, नारिंगी ठोकळा उमटतो. यंत्रापुढें बसलेल्या माणसास त्याचा वास येत नाहीं! शेजारीं मोबाइलच्या वायरींचें वेटोळें असेल तर विचारावयासच नको. तेव्हां लाडवांचा डबा पिशवीच्या तळाशीं, वायरींच्या गुंत्याखालीं न ठेवतां सर्वांत वर, एकटा व सहज उघडेल असा ठेवावा, म्हणजे निम्मी उचकापाचक वांचते. कधीं कधीं जवान कापडाची लहानशी पट्टी पिशवीवर व हातांवर फिरवून दुसऱ्या यंत्रांत घालतो. स्फोटक द्रव्याचा अंशमात्र कण कोठें लागला आहे काय, एवढेंच तो पाहत असतो. त्यास हात पुढें करण्यांत कमीपणा वाटावयाचें कारण नाहीं. स्त्रियांची अंगझडती पडद्याआड स्त्री-कर्मचारीच घेतात. बांगड्या-मंगळसूत्रामुळें यंत्र वाजलें, तरी बावरून जाऊं नये.

तुपाची गोष्ट लाडवांहून कठीण आहे. आमच्या परिचयाच्या घरांतील एक वृद्ध बाई मुलीच्या बाळंतपणासाठीं परदेशीं निघाल्या. चार दिवस सायीचें विरजण लावून, लोणी काढून, तें कढवून त्यांनीं अर्धा किलो तूप बरणींत भरलें आणि जिवापलीकडची वस्तु म्हणून बरणी हातांतल्या पिशवींत ठेवली. देशांतल्या देशांत झालेल्या पहिल्या प्रवासांत तिला कोणीं हटकलें नाहीं. दुसऱ्या विमानतळावर मात्र ती काढून बाजूस ठेवण्यांत आली. बाई मोडक्यातोडक्या हिंदींत जवानास म्हणाल्या, “बाबा, टाकूं नकोस, तुझ्या घरीं ने, लेकरांना घाल.” त्याला तेंहि करतां येत नव्हतें, प्रवाशाची वस्तु घेणें हाच त्याला मोठा गुन्हा. अखेरीस बाईंनीं आपल्या हातानें ती बरणी टोपलींत ठेवली. मुलीकडे पोंचल्यावर त्या म्हणाल्या तें असें: तूप गेलें ह्याचें एवढें नाहीं, पहिल्यानें चाललें तें दुसऱ्यानें कां चाललें नाहीं, हें मला कोणीं सांगितलें नाहीं.

सांगण्यासारखें कारण होतें, आणि तें दोन वाक्यांत सांगतां आलें असतें. ऑगस्ट २००६ मध्यें लंडनला एक कट उघडकीस आला. पेयांच्या बाटल्यांतून द्रवरूप स्फोटक नेऊन अटलांटिक ओलांडणारीं विमानें उडविण्याचा तो बेत होता. तेव्हांपासून परदेशच्या विमानांत हातांतील पिशवींत कोणताहि पातळ किंवा लिबलिबीत पदार्थ १०० मिलिलिटरपेक्षां मोठ्या भांड्यांत नेतां येत नाहीं, आणि अशीं सर्व लहान भांडीं मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवींत मावलीं पाहिजेत. तूप, मध, तेलानें माखलेलें लोणचें, मुरंबा, सारीं ह्यांत येतात. बरणी अर्धी रिकामी असली तरी मोजतात ती बरणीच. देशांतील प्रवासास ही मर्यादा तशी लागू नाहीं. पाण्याची बाटलीहि तेथें चालते. म्हणूनच नागपुरास चाललेलें तूप मुंबईस परदेशच्या विमानापाशीं अडूं शकतें. नियम बदलला तो मार्गांत, आणि बदलल्याचें बाईंना कळलें टोपलीपाशीं! तूप न्यावयाचेंच तर घट्ट बंद करून मोठ्या पेटींतून न्यावें. मात्र उतरावयाच्या देशांत दूधदुभत्यास व बियाण्यांस मनाई आहे काय, हें आधीं पाहावें.

खोबऱ्याची तऱ्हा ह्याहून निराळी. सुकें खोबरें तेलकट असल्यामुळें तापून आपोआप पेट घेऊं शकतें, म्हणून विमानवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत त्याची गणना ज्वालाग्राही पदार्थांत केलेली आहे. ओटीच्या वाट्या घेऊन निघालेल्या सुवासिनीस हें ऐकून नवल वाटेल. (लाडवांत किसून घातलेल्या खोबऱ्यास कोणीं हटकल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.) उलट मोबाइलला वीज पुरविणारी पॉवर बँक हातांतच ठेवावी लागते, पेटींत घालून चालत नाहीं, कारण तिनें पेट घेतलाच तर तो माणसांच्या देखत विझवितां यावा. आजोबांच्या पानाच्या डब्यांतील अडकित्ता मात्र पेटींतच शोभतो.

नियम श्रद्धेपुढें कधीं वांकतच नाहीं, असेंहि नाहीं. शबरीमलयास जाणाऱ्या भक्तांच्या इरुमुडींतील नारळ हातांत नेण्याची मोकळीक सुरक्षा-खात्यानें ऑक्टोबर २०२४ पासून २० जानेवारी २०२५ पर्यंत दिली होती. तपासणी अर्थात सुटली नव्हती. शीख प्रवाशांस देशांतर्गत विमानांत सहा इंचांपर्यंत पात्याचें व एकंदर नऊ इंचांपर्यंत लांबीचें कृपाण बाळगतां येतें, आणि तेंहि १९८१ च्या प्रसंगानंतर. तेव्हां शासनाजवळ विचार करण्याची शक्ति आहे. मागणी नीट पोंचली पाहिजे, एवढेंच.

सर्वांत नाजूक प्रश्न अस्थिकलशाचा. मृत्यूचा दाखला व दहनाचा दाखला जवळ ठेवून, विमान-कंपनीस आधीं विचारून अस्थि नेतां येतात. परंतु जाड धातूच्या भांड्यांतून किरण नीट आरपार जात नाहींत. अमेरिकेंतील सुरक्षा-खात्याचा नियम असा आहे कीं, मृताच्या सन्मानार्थ कलश अधिकारी कधींच उघडणार नाहींत, आप्तांनीं विनंति केली तरी नाहीं; आणि आंतील वस्तु यंत्रांत दिसली नाहीं तर कलश विमानांत जाणार नाहीं. म्हणजे हौसेनें आणलेला तांब्याचा जड कलशच अडचणीस कारण होतो. लांकडी पेटी किंवा हलक्या द्रव्याचें भांडें घ्यावें, आणि संगमावर पोंचल्यावर तांब्याचा कलश वापरावा. शास्त्रास त्यांत बाध येईलसें आम्हांस वाटत नाहीं.

आमची मागणी थोडकी आहे. जेथें तपासणी होते, तेथें काय चालत नाहीं ह्याच्या शेजारीं तें कां चालत नाहीं, हेंहि मराठींत, ठळक अक्षरांत लिहिलेलें असावें. पांढऱ्या केंसांच्या प्रवाशास तें वाचून दाखवावयास एखादें माणूस असावें, कारण सोबत आलेल्या मुलास बिनतिकिटाचें दाराबाहेरच थांबावें लागतें. आणि काढून घेतलेली निरुपद्रवी वस्तु बाहेर थांबलेल्या आप्तांच्या स्वाधीन करण्याची सोय प्रत्येक विमानतळावर व्हावी. तुपाची ती बरणी मालेगांवच्या फडताळांत परत आली असती, तर तिच्यांतलें तूप घरच्या देवापुढच्या निरांजनास तरी लागलें असतें.