रुणझुण ते खणखणीत : मराठीतील नादशब्दांची शिदोरी

गणेशचतुर्थीच्या दिवसांत लंडनमधील एखाद्या सभागृहात झाकरीचा फेर धरला गेला, की एक गोष्ट सहज ध्यानात येते. मॉरिशसहून आलेल्या मराठी घराण्यांतील वृद्ध स्त्रिया भिंतीलगत बसून ढोलकीच्या ठेक्यावर मान डोलावीत असतात आणि नातवंडे पायांत चाळ बांधून नाचत असतात. ठेका जुनाच, चाळही जुनेच. परंतु चाळांतून उठणाऱ्या या नादाला काय म्हणावे, असा प्रश्न कोणी केला, तर आजी चटकन ‘छुमछुम’ म्हणते आणि नातू इंग्रजी शब्द शोधू लागतो. नाद नातवाच्या कानापर्यंत पोहोचला. त्याचे नाव मात्र वाटेत गळून पडले.

ही झाकरी म्हणजे कोकणातील जाखडी होय. १८३४ सालापासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्याची पद्धत सुरू झाली. कलकत्ता, मद्रास व मुंबई या बंदरांतून पुढील काळात सुमारे साडेचार लाख माणसे त्या बेटावर उतरली. मुंबईच्या वाटेने गेलेल्यांत कोकणातील मराठी माणसे होती. त्यांच्या गाठोड्यात फारसे काही नव्हते. पण भजन होते, टाळ होते, जाखडीचा ठेका होता आणि या सर्वांना नावे देणारी बोली होती. १९६८ साली मॉरिशस स्वतंत्र झाला. त्याच्या मागेपुढे रुग्णसेवेचे शिक्षण व नोकरी यांसाठी तेथील अनेक तरुण-तरुणी ब्रिटनमध्ये आल्या. अशा रीतीने त्या बोलीने दुसऱ्यांदा समुद्र ओलांडला.

मराठी भाषेची नादशब्दांची श्रीमंती खरोखर थक्क करणारी आहे. व्याकरणकार या शब्दांना अनुकरणवाचक शब्द म्हणतात. पैंजण रुणझुणतात, काकणे किणकिणतात, पाने सळसळतात, भुंगा गुणगुणतो. पहाटे पाखरांची किलबिल चालते, तर वळचणीच्या चिमण्यांची चिवचिव. श्रावणाचा पाऊस रिमझिम पडतो; पागोळ्या टपटप गळतात. ढोल ढमढम वाजतो आणि ताशा तडतड.

हे शब्द कोणी मनास येतील तसे जुळविलेले नाहीत. त्यांच्या घडणीत एक व्यवस्था आहे. देवघरातील लहान घंटीची किणकिण, चांगल्या रुपयाची खणखण आणि देवळातील मोठ्या घंटेची घणघण, हे तीन शब्द एकामागून एक उच्चारून पाहावेत. पहिल्यात ‘इ’ हा बारीक स्वर आहे. दुसऱ्यात ‘अ’ येऊन तोंड उघडते. तिसऱ्यात ‘घ’ हे जड अक्षर येऊन नाद छातीत उतरतो. वस्तू वाढते तसा शब्दही भारदस्त होतो. पाण्याचेही तसेच. सपाट वाटेने वाहणारा ओहोळ झुळझुळतो आणि दगडांवर आपटणारा ओढा खळखळतो. हसण्याचीही हीच तऱ्हा. लहान मूल खुदुखुदु हसते आणि मोठा माणूस खदखदा हसतो. मराठी कानाला हा भेद शिकवावा लागत नाही. तो जिभेनेच शिकविलेला असतो.

दुसरी गंमत अशी, की हे शब्द एका जागी बसून राहत नाहीत. ‘किणकिण’पासून ‘किणकिणणे’ हे क्रियापद होते व ‘किणकिणाट’ हे नाम होते. ‘खळखळ’पासून ‘खळखळून हसणे’ येते. मडके किंवा भांडे विकत घेताना गिऱ्हाईक ते टिचकी मारून पाहते. चीर गेलेले मडके बद्द वाजते. निर्दोष भांडे खणखणीत वाजते. त्याच पारखीतून ‘खणखणीत आवाज’ आला आणि ‘खणखणीत उत्तर’ही आले. ‘ठणठणीत’ हा शब्द तर धातूच्या ठणठण नादापासून निघून माणसाच्या प्रकृतीपर्यंत पोहोचला. आजोबांची प्रकृती ठणठणीत आहे असे म्हणताना, त्यांच्यात कोठे चीर गेलेली नाही, असेच जणू सांगितले जाते.

माणसाच्या गळ्यालाही मराठीने अशीच नेमकी नावे दिली आहेत. भूपाळी म्हणणाऱ्या आईचा आवाज मंजुळ, शाहिराचा पहाडी, कीर्तनकाराचा खडा. बारीक आवाज किनरा, बसलेला घोगरा, बेसूर मोठा आवाज भसाडा. यांतील प्रत्येक शब्द ऐकताच एकेक माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो.

या शब्दांचा एक मोठा संग्रह एका इंग्रजाने केला, ही गोष्ट ब्रिटनमधील मराठी कुटुंबांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. मुंबई इलाख्याच्या लष्करातील अधिकारी जेम्स टॉमस मोल्सवर्थ यांनी जॉर्ज व टॉमस कँडी या जुळ्या बंधूंच्या आणि मराठी पंडितांच्या साहाय्याने मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला. तो १८३१ साली निघाला व १८५७ साली त्याची वाढविलेली आवृत्ती निघाली. त्यात नादशब्दांना मानाने जागा मिळाली आहे. कोणता शब्द कशाच्या नादाचे अनुकरण करतो, हे तेथे परोपरीने समजाविले आहे. आज तो कोश संगणकावरही विनामूल्य पाहता येतो.

परंतु कोशातील ‘रुणझुण’ वाजत नाही. ती वाजते घरात, कोणाच्या तरी तोंडी. इंग्लंडातील शाळांच्या जी. सी. एस. ई. परीक्षेत गुजराती, बंगाली, पंजाबी व उर्दू या भाषा आहेत, मराठी नाही. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून कार्य करीत आहे, आणि अशा संस्था आपापल्या परीने झटतात. तथापि आठवड्यातील एका तासाने कान घडत नाही. आजी गेली की तिच्याबरोबर ‘छुमछुम’ही जाते, आणि मग पायांतील चाळ नुसता आवाज करतात.

यावर उपाय अवघड नाही, आणि त्यास पुस्तकही लागत नाही. खिडकीवर पाऊस पडू लागला, की मुलास विचारावे : हा रिमझिम की टपटप? ताट खाली पडले, तर रागावण्यापूर्वी ते कसे वाजले, हे त्याच्याकडून वदवून घ्यावे. आरतीच्या वेळी घंटी त्याच्या हाती देऊन ‘किणकिण’ म्हणावयास लावावे. नादशब्द हे भाषेचे सर्वांत सोपे दार आहे. ज्याला मराठीचे एक वाक्यही येत नाही, तोही या दाराने हसत आत येतो.

पुढील चतुर्थीस झाकरीचा फेर पुन्हा धरला जाईल. त्या वेळी आजीच्या शेजारी बसलेल्या नातवाने कोणी न विचारता ‘छुमछुम’ म्हटले, तर दोन समुद्र ओलांडून आलेली ती शिदोरी अजून संपलेली नाही, असे समजावे.