रंगीत उंदरांची पैदास : धंद्यापूर्वी हिशेब समजून घ्या

वरळी कोळीवाड्यातील एक होतकरू तरुण गेल्या महिन्यात दुकानी आला. त्याने हौसेने पाळीव उंदरांची तपकिरी जोडी आणली होती. तिला आठ पिल्ले झाली आणि त्यांत दोन पांढरीशुभ्र निघाली. "शेठ, वेगळ्या रंगाला जास्त पैसे मिळतात. भांडवल मिळेल का?" असे त्याने विचारले. त्याला जे सांगितले, तेच वाचकांच्या उपयोगासाठी येथे देत आहे.

रंग येतो कुठून?

प्रत्येक पिल्लाला रंगाचा एक धागा आईकडून व एक बापाकडून मिळतो. कापडात ताणा आणि बाणा असतो, तसेच हे समजा. रानटी उंदराचा केस एकरंगी नसतो. काळ्या केसावर मध्येच पिवळा पट्टा असतो. पटोल्याचे सूत बांधून रंगवतात, म्हणजे एकाच धाग्यावर रंग बदलत जातो, तसाच हा प्रकार आहे. पट्टा देणारा गुण नसला तर उंदीर काळा होतो. काळा रंग नीट तयार न झाल्यास तपकिरी किंवा चॉकलेटी होतो.

पांढऱ्याची गोष्ट निराळी आहे. तेथे रंग तयार करणारे द्रव्यच काम करत नाही. नक्षी कोणतीही ठरवा, हंडीत रंगच नसेल तर कापड कोरेच निघणार. म्हणून पांढऱ्या उंदराच्या अंगात काळा दडला आहे की तपकिरी, हे डोळ्यांना दिसत नाही.

पांढरेपणा हा दबणारा गुण आहे. दोन्ही धागे पांढऱ्याचे असतील तरच तो दिसतो. आपल्या तरुणाची तपकिरी जोडी एकेक पांढरा धागा लपवून होती. अशा जोडीच्या चार पिल्लांत सरासरी एक पांढरे निघते. त्याच्या आठांत दोन निघाली, यात नवल नाही.

खरा हिशेब

पण दोन दबणारे रंग एकाच उंदरात हवे असतील आणि आईबाप दोघेही ते लपवून असतील, तर सोळांत सरासरी एक पिल्लू हवे तसे मिळते. उरलेल्या पंधरांचे काय करणार? कापडाच्या धंद्यात कटपीस तोलून विकता येतो. जीव तोलून विकता येत नाही आणि गटारात सोडताही येत नाही. मादी साधारण वीस दिवसांत विते, पिल्ले दीड-दोन महिन्यांत स्वतः वीण द्यायला तयार होतात. नर-मादी वेळेवर वेगळे केले नाहीत तर खोली भरते आणि दाणा-भुश्शाचा खर्च नफा खातो.

काही रंगांत तोटा गर्भातच होतो. फ्रान्समधील क्युएनो यांना 1905 मध्ये दिसले की पिवळ्या उंदरांची जोडी लावली तरी सगळी पिल्ले पिवळी होत नाहीत. दोन पिवळी, एक दुसऱ्या रंगाचे, असेच प्रमाण येते. पुढे 1910 मध्ये कॅसल व लिटल यांनी उलगडा केला. ज्या गर्भाला पिवळ्याचे दोन्ही धागे मिळतात तो पोटातच मरतो, म्हणजे सरासरी पाव वीण जाते.

हॅमस्टरचेही तसेच आहे. आज घरोघर पाळले जाणारे सोनेरी हॅमस्टर बहुतेक सर्व 1930 मध्ये शाम देशातील हलब शहराजवळ पकडलेल्या एका मादीच्या व तिच्या पिल्लांच्या वंशातले आहेत. त्यांत साटीनसारखी चकाकी असलेला प्रकार आहे. मात्र साटीनला साटीन जोडल्यास केस विरळ होतात. पोटाखाली पांढऱ्या असलेल्या एका जातीच्या दोघांना जोडले तर काही पिल्ले डोळ्यांविना जन्मतात. रंगाच्या लोभाने अशी जोडी लावणे हा जुलूम आहे.

बही ठेवणारी बाई

या धंद्यात नाव कमावले ते अमेरिकेतील ॲबी लेथ्रॉप या बाईंनी. कोंबड्यांचा धंदा बसला तेव्हा त्यांनी शौकिनांसाठी उंदीर पाळले. कोणाची वीण कोणापासून, याची त्या नोंद ठेवीत. त्यामुळेच शास्त्रज्ञ त्यांचे गिऱ्हाईक झाले. त्या 1918 मध्ये वारल्या, पण त्यांच्याकडच्या उंदरांपासून निघालेली काळी जात आजही जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. आपल्या परळच्या कर्करोग संशोधन केंद्रातही डॉ. कमल रणदिवे यांनी उंदरांवरच स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. धडा असा, की मोल रंगापेक्षा खात्रीच्या वंशावळीला येते.

सावधगिरी

मुंबईने 1896 चा प्लेग पाहिला आहे आणि 1994 मध्ये सुरतेच्या कापडबाजारातून माणसे पळालेली आपल्या पिढीला आठवतात. पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून लेप्टोचा आजार पसरतो. कोळीवाड्यात मासळीच्या वासाने घुशी-उंदीर येतातच. त्यांचा पिंजऱ्याशी, दाण्याशी, पाण्याशी संबंध येता कामा नये.

कायदाही पाहावा. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी केंद्र सरकारने 2018 मध्ये केलेल्या नियमांत हॅमस्टर, गिनी पिग आणि उंदीरही येतात. विक्रीसाठी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. शरईदृष्ट्या उंदीर पाळणे-विकणे कसे, हे आधी आलिमांना विचारावे. कापडवाल्याने फतवा देऊ नये.

मात्र एक गोष्ट कापडवालाही सांगू शकतो. धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल दाखवणारी प्रेषितांची (स.) हदीस प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. जनावराच्या वंशातला दोष लपवून विकणे म्हणजे तीच ओल झाकणे होय.

त्या तरुणाला भांडवल दिले नाही, वही दिली. वर्षभर एकाच जोडीच्या विणी, मेलेली पिल्ले, दाण्याचा खर्च आणि प्रत्येक पिल्लू कोठे गेले हे लिही, म्हटले. वही भरून आणलीस तर भांडवलाचे बोलू, इन्शाअल्लाह.