माल एकदाच उतरवा

दोन गुंठ्यांचा प्लॉट म्हणजे २,१७८ चौरस फूट. समजा तो ३३ फूट रुंद आणि ६६ फूट लांब आहे, आणि त्यावर तळमजला अधिक एक मजला असं घर बांधायचंय. नियमाप्रमाणे चारी बाजूंनी जागा सोडली की उरतं समोरचं अंगण, दोन बाजूंचे बोळ आणि मागची पट्टी. सिमेंट, वाळू, खडी, विटा, सळई, सेंट्रिंगच्या प्लेटा, टेकू, पाण्याची टाकी, मिक्सर आणि वॉचमनची खोली, सगळं एवढ्यातच बसवायचं.

घरमालक आर्किटेक्टबरोबर नकाशावर महिनोन्‌महिने घालवतो. खिडकी पूर्वेला की उत्तरेला यावरून घरात अबोला होतो. माल कुठे उतरायचा याचा नकाशा मात्र कोणी काढत नाही. ते डंपरचा ड्रायव्हर ठरवतो, आणि त्याला पुढच्या खेपेची घाई असते. मग वाळू पडलेली असते नेमकी तिथेच, जिथे पुढच्या आठवड्यात सेप्टिक टँकचा खड्डा खणायचा असतो, आणि दोन बिगारी दिवसभर घमेल्यांनी वाळू इकडची तिकडे करत बसतात. ब्रासमागे शंभर रुपयांसाठी घासाघीस करणारा मालक या दुबार उचलीचा हिशेब मांडत नाही, कारण तिचं वेगळं बिल येतच नाही. ती मजुरीच्या आकड्यात मुरून जाते.

आधी कागदावर

प्लॉटच्या नकाशाच्या तीन झेरॉक्स काढाव्यात: एक पायाच्या कामासाठी, एक स्लॅब होईपर्यंतच्या कामासाठी, एक प्लास्टर-फरशीसाठी. प्रत्येकीवर पेन्सिलने मालाची जागा आखावी. तीन अशासाठी, की जागा बदलत जाते. पायाच्या वेळी मोकळं असलेलं अंगण पुढे पाण्याच्या टाकीने अडतं, आणि पहिला स्लॅब झाला की तळमजल्याच्या खोल्याच गोदाम म्हणून मिळतात.

आखताना सुरुवात सळईपासून करावी. बाकी सगळा माल कोपऱ्यात मावतो. सळई मावत नाही. ती १२ मीटर लांब असते, म्हणजे ३९ फुटांच्या वर. ३३ फूट रुंदीच्या प्लॉटवर ती आडवी ठेवताच येत नाही. बाजूच्या बोळात उभ्या लांबीनेच ठेवावी लागते, आणि मग त्या बोळातून घमेलं घेऊन जाण्याची वाट बंद. म्हणजे मिक्सर, वाळू आणि खडी दुसऱ्या बाजूला. हा एक निर्णय झाला की अर्धा नकाशा आपोआप ठरतो. वाळू आणि खडी मिक्सरच्या दोन अंगांना, सिमेंटची खोली त्याच्या जवळ पण फाटकावरून दिसेल अशी, आणि डंपर मागे घेण्यापुरती जागा कायम मोकळी.

पाया खणलेला असताना खड्ड्याच्या काठावर काहीही ठेवू नये. खणलेली मातीसुद्धा काठापासून किमान दीड मीटर किंवा खड्ड्याच्या खोलीच्या निम्मं, यांतलं जे जास्त असेल तेवढ्या अंतरावर टाकावी असं भारतीय मानक सांगतं. दोन गुंठ्यांत हे पाळणं कठीण जातं. म्हणूनच जास्तीची माती त्याच दिवशी बाहेर काढावी आणि विटांची पहिली गाडी पाया भरून झाल्यावरच बोलवावी. रस्त्यावर माल उतरवायचाच असेल तर नगरपालिकेची परवानगी आणि शुल्क लागतं. बहुतेक जण ते टाळतात, मग दंड भरतात, शिवाय शेजाऱ्यांशी वाकडं.

स्लॅबच्या दिवसाचा हिशेब

किती माल एकदम आणायचा याचं उत्तर स्लॅबच्या दिवशी मिळतं, कारण त्या दिवशी मध्येच माल संपून चालत नाही. हजार चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब आणि त्याचे बीम धरले तर काँक्रीट साधारण साडेपंधरा घनमीटर होतं. एम २० दर्जाच्या काँक्रीटचं साधं प्रमाण धरलं तर घनमीटरला सुमारे आठ गोण्या लागतात. म्हणजे जवळपास १२५ गोण्या सिमेंट, सव्वादोन ते अडीच ब्रास वाळू आणि साडेचार ते पाच ब्रास खडी. ब्रास म्हणजे १०० घनफूट. कोरड्या वाळूचा एक ब्रास साडेचार टनांच्या आसपास भरतो.

एवढा माल आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत साइटवर मोजून ठेवलेला असावा. त्याहून फार जास्त मात्र नको. भाव वाढणार अशी हूल उठली की पाचशे गोण्या भरून ठेवणारे असतात. डीलर दुसऱ्या दिवशी माल पोचवत असेल तर ही साठवण कशासाठी, हे मला कधी उमगलेलं नाही. भावातली बचत ओलाव्यात आणि चोरीत जाते.

सिमेंटची थप्पी

सिमेंट जमिनीवर टेकू नये, भिंतीला चिकटू नये. खाली फळ्या टाकून सहा ते आठ इंच उंच घ्यावं, भिंतीपासून दोन फूट सोडावं, दहा गोण्यांपेक्षा उंच थप्पी लावू नये. थप्पी आठांच्या वर गेली तर एक थर उभा, एक आडवा अशी सांधणी करावी, नाहीतर ती कलते. आपल्या १२५ गोण्यांना या हिशेबाने साधारण ४० चौरस फूट जागा लागते, आणि भोवतीची मोकळी जागा धरून साडेदहा बाय साडेदहा फुटांची खोली. पत्र्याची शेड बांधताना हे माप डोक्यात ठेवावं. आठ बाय आठची शेड बांधली की निम्म्या गोण्या भिंतीला टेकणारच, आणि पहिल्या वळवाच्या सरीत पत्र्यावरून ओघळलेलं पाणी नेमकं त्यांनाच गाठतं.

गोणीवर पॅकिंगचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. माल उतरतानाच ते वाचावं. नीट ठेवलेलं सिमेंटही तीन महिन्यांत साधारण पाचवा हिस्सा ताकद गमावतं, आणि सहा महिन्यांत तीसेक टक्के. दमट हवेत याहून लवकर. जुनी गोणी आधी वापरायची हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण नवी गाडी आली की ती जुन्या थप्पीच्या पुढ्यात रचली जाते आणि जुनी मागे अडकते. उपाय सोपा आहे. थप्पीला दोन बाजूंनी वाट ठेवायची: एकीकडून भरायचं, दुसरीकडून काढायचं.

खालच्या गोण्या वजनाने दाबून घट्ट होतात. त्या जमिनीवर दोनदा लोळवल्या की मोकळ्या होतात, त्यांत बिघडलेलं काही नसतं. गोणी उघडल्यावर गुठळी बोटांनी चुरडून पीठ होत असेल तर ठीक. चुरडत नसेल तर ते सिमेंट स्लॅबला नको, आणि चाळून वापरण्याचा ठेकेदाराचा आग्रहही मानू नये.

वाळू फुगते

वाळूत ओलावा असला की कणांभोवती पाण्याचा पापुद्रा धरतो, कण एकमेकांपासून लांब सरकतात आणि तेवढीच वाळू जास्त जागा व्यापते. पाच-सहा टक्के ओलाव्याला बारीक वाळू तीस टक्क्यांपर्यंतही फुगते. गंमत म्हणजे पुरती भिजवली की पुन्हा कोरड्या मापावर येते. म्हणून गाडीची लांबी-रुंदी-उंची मोजून ओली वाळू घेतली तर ब्रासमध्ये हवा विकत घेतली जाते, आणि काट्यावर तोलून घेतली तर पाणी. दोन्हीकडे मार बसतोच, पण किती ते मोजता येतं. मापाच्या काचेच्या नळीत २०० मिलीच्या खुणेपर्यंत ओली वाळू सैल भरावी, वर पाणी ओतून ढवळावं. वाळू १६० वर बसली तर फुगवटा २५ टक्के. मिक्सरवर पेटीने वाळू घालताना तेवढी वाढवून घातली नाही, तर काँक्रीटमध्ये वाळू कमी आणि सिमेंट जास्त पडतं.

ढीग मातीवर टाकला तर तळाचा थर वाया जातो. त्या जागी आधी पातळ कोबा करून घेतला तर तो खर्च वाचलेल्या वाळूत भरून निघतो. पावसाळ्यात ढिगाच्या तीन बाजूंना विटांचा बांध आणि वर ताडपत्री. ताडपत्रीने मांजरंही दूर राहतात, आणि ज्यांनी साइटवर वाळू चाळली आहे त्यांना ही सोय लहान वाटणार नाही. गाडीबरोबरचा वाहतूक परवाना पाहून त्याची प्रत ठेवावी. बेकायदा उपशाची वाळू सापडली तर त्रास ड्रायव्हरपुरता राहत नाही.

सळई तोलून घ्या

सळईचं वजन काढायचं सूत्र फिटरला तोंडपाठ असतं: मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किती किलो ते. बारा मिलीची सळई मीटरला ०.८९ किलो, पूर्ण लांबीची एक सळई पावणेअकरा किलोंच्या आत. काटापावती घ्या, सळया मोजा, गुणाकार करा. मानकाप्रमाणे दहा मिलीपर्यंत सात टक्के, सोळापर्यंत पाच टक्के आणि त्यापुढे तीन टक्के फरक चालतो. त्याहून मोठी तफावत असेल तर गाडी रिकामी होण्यापूर्वी बोलावं; नंतर कोणी ऐकत नाही.

ठोकळ्यांवर जमिनीपासून सहा इंच उंच, प्रत्येक जाडीची वेगळी, आणि टोकांना रंगाचा हात. आठ आणि दहा मिली संध्याकाळच्या उजेडात सारख्याच दिसतात. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत सळई दोन-तीन महिने पडून राहणार असेल तर सिमेंटच्या पातळ पाण्याचा हात द्यावा. वरवरचा तांबूस गंज चालतो. पापुद्रे सुटत असतील तर ब्रश मारल्याशिवाय बांधू नये.

ताज्या स्लॅबवर गोदाम नको

पहिला स्लॅब झाला की जागेचा प्रश्न सुटला असं सगळ्यांना वाटतं, आणि सगळ्यात महागडी चूक इथेच होते. घराच्या खोलीचा स्लॅब वापराच्या भारासाठी चौरस मीटरला २०० किलो धरून काढलेला असतो. सिमेंटची गोणी आडवी ठेवली तर सुमारे ०.३ चौरस मीटर जागा घेते. दहा गोण्यांची थप्पी म्हणजे तेवढ्याच जागेवर ५०० किलो, चौरस मीटरला १,६०० किलोंच्या वर: हिशेबात धरलेल्याच्या आठपट. गुडघ्याइतक्या उंचीचा वाळूचा ढीगसुद्धा चौरस मीटरला ८०० किलो होतो. शिवाय काँक्रीट पुरती ताकद धरायला २८ दिवस मागतं, आणि ठेकेदाराला टेकू पुढच्या साइटवर न्यायचे असतात.

साध्या सिमेंटच्या काँक्रीटला साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे स्लॅबचे टेकू सात दिवस, त्यापुढच्या गाळ्याला चौदा दिवस. बीमला सहा मीटरपर्यंत चौदा आणि त्यापुढे एकवीस दिवस, असं मानक सांगतं. बाजारात बहुधा पीपीसी, म्हणजे राखमिश्रित सिमेंट, मिळतं. ते सुरुवातीला सावकाश ताकद धरतं, तेव्हा ही मुदत इंजिनिअरला विचारून वाढवावी. वर विटा चढवायच्याच असतील तर बीमच्या रेषेवर, पसरून, खालचे टेकू न काढता, आणि दिवसाच्या कामाला लागतील तेवढ्याच. मधल्या भागात एका ठिकाणी रचलेल्या विटांमुळे पडलेली भेग छताच्या खालच्या बाजूला दिसते. प्लास्टर तिला झाकतं, बुजवत नाही.

उचलणारी माणसं

केंद्रीय बांधकाम कामगार नियम १९९८ प्रमाणे प्रौढ पुरुषाला हाताने ५५ किलोंपेक्षा आणि स्त्रीला ३० किलोंपेक्षा जास्त वजन उचलायला लावता येत नाही. सिमेंटची गोणी ५० किलोंची. म्हणजे साइटवर बाईच्या डोक्यावर अख्खी गोणी दिसली तर तो नियमभंग आहे. वरच्या मजल्यासाठी मिनी लिफ्ट भाड्याने मिळते. जिन्याने घमेली वाहण्याच्या मजुरीशी तुलना केली तर दोन मजल्यांनाही ती परवडते. लिफ्टचे पाय मात्र भरावाच्या मऊ मातीवर टेकवू नयेत.

हमालांच्या कामाच्या अटींसाठी महाराष्ट्रात १९६९ पासून माथाडी कायदा आहे, आणि उतराई कोणी द्यायची यावरून गाडी तासभर अडून राहण्याचे प्रसंगही आहेत. दर ठरवतानाच उतराई कोणाची, थप्पी लावून की नुसती खाली टाकून, हे चलनावर लिहून घ्यावं. विटांच्या बाबतीत हा फरक मोठा आहे. ट्रॉली उलटी करून ओतलेल्या विटांत तुकड्यांचा खच पडतो. जोडी-जोडीने उतरवून धारेवर उभ्या रचल्या तर मोजताही येतात.

रेडीमिक्स येणार असेल तर

मिक्सर गाडीत साधारण सहा घनमीटर येतं, म्हणजे आपल्या स्लॅबला तीन खेपा. भरल्यापासून दोन तासांत काँक्रीट खाली व्हायला हवं. शहरात जड वाहनांना सकाळ-संध्याकाळ बंदीच्या वेळा असतात, त्या आधी पाहून पहिल्या गाडीची वेळ ठरवावी, आणि पहिली गाडी निम्मी रिकामी होईपर्यंत दुसरी प्लँटमधून निघाल्याची खात्री फोनवर करावी. भरलेली गाडी २५ टनांच्या आसपास असते. गल्लीतल्या गटारावरचा स्लॅब आणि चेंबरची झाकणं तेवढ्यासाठी बांधलेली नसतात. पंपाच्या बूमवर विजेच्या तारा येतात का, हे दोन दिवस आधी पाहावं. तार बंद करून घ्यायला महावितरणकडे अर्ज करावा लागतो. गाडी रखडली आणि काँक्रीट घट्ट झालं तर ड्रायव्हर पाणी घालायला निघतो. त्याला थांबवायला सुपरवायझर गाडीपाशी हवा, चहाच्या टपरीवर नको.

फरशी

फरशीचे बॉक्स आडवे एकावर एक न ठेवता धारेवर उभे, भिंतीला किंचित कलते ठेवावेत, आणि खोल्यांमध्ये वाटून. दोन बाय दोन फुटांच्या चार फरश्यांचा बॉक्स २५ ते ३० किलोंचा असतो. चाळीस बॉक्स एका कोपऱ्यात म्हणजे टनाहून जास्त. उतरवताना प्रत्येक बॉक्सवरचा शेड आणि बॅच नंबर आवकवहीत लिहावा. वेगळ्या बॅचचा एकच बॉक्स हॉलच्या मधोमध लागला तर तो कायम डोळ्यात खुपतो, आणि लावलेली फरशी दुकानदार परत घेत नाही. गरजेपेक्षा पाच ते सात टक्के जास्त मागवावी. तोडमोड धरून उरलेल्यातले दोन बॉक्स माळ्यावर टाकावेत, बाहेरून खोलीचं नाव लिहून. पुढे पाइप फुटून चार फरश्या उखडाव्या लागल्या की त्याच बॅचच्या फरश्या दुकानात मिळणार नाहीत.