हातमोजा, हेल्मेट आणि कॅमेरा

२० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन यांनी पृथ्वीभोवती तीन फेऱ्या मारल्या. त्याआधी डॉक्टरांना एक शंका सतावत होती. वजनरहित अवस्थेत डोळ्याचा आकार बदलला आणि अंतराळवीराला समोरचे आकडेच वाचता आले नाहीत, तर? म्हणून ‘फ्रेंडशिप ७’ यानात नेत्रतपासणीचा छोटा अक्षरतक्ता लावला होता. ग्लेन यांनी तो ठरावीक वेळाने वाचायचा होता.

त्यांच्याजवळचा कॅमेरा मात्र साधाच होता. फ्लोरिडातील कोको बीचच्या दुकानातून सुमारे ४० डॉलरना घेतलेला ‘आन्स्को ऑटोसेट’. अडचण शरीराची होती. हेल्मेटमुळे डोळा कॅमेऱ्याला टेकत नाही आणि जाड हातमोज्यात बोटांना बारीक बटण सापडत नाही. तंत्रज्ञांनी कॅमेरा चक्क उलटा केला, त्याला पिस्तुलासारखी मूठ बसवली आणि नेम धरण्याची खिडकी वर घेतली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वॉली शिरा यांनी ‘हॅसलब्लाड’ नेला. खिडकीच्या काचेत प्रतिबिंब पडू नये म्हणून त्याला काळा रंग दिला होता. १९६९ मध्ये चंद्रावर चालताना वापरलेल्या हॅसलब्लाडला पाहण्याची खिडकीच नव्हती. कॅमेरा छातीवर अडकवायचा आणि अख्खे शरीर वळवून नेम धरायचा! खटकेही हातमोज्याला सापडतील असे मोठे होते. परतताना फिल्म आणली, कॅमेरा तिथेच ठेवला; तेवढेच यानाचे वजन कमी.

आणि डोळ्यांचे काय? ग्लेन यांचे उड्डाण जेमतेम पाच तासांचे होते. त्यांना अक्षरे नीट वाचता आली. पण डॉक्टरांची शंका अगदीच पोकळ नव्हती. अनेक महिने अंतराळात राहणाऱ्या काहींच्या नेत्रगोलाची मागची बाजू किंचित सपाट होते, डोळ्याच्या नसेला सूज येते आणि जवळचे पुसट दिसू लागते. म्हणून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर आता डोळ्याच्या पडद्याचे थर दाखवणारे ओसीटी यंत्र आहे.

हेच यंत्र आपल्याकडे मधुमेह आणि काचबिंदूच्या रुग्णांसाठी वापरतात. दिसण्यात फरक जाणवण्याआधीच पडद्यावरचा बिघड ओळखता येतो. म्हणून मधुमेह असलेल्यांनी नजर चांगली असली, तरी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यावा. त्यासाठी अंतराळात जायची गरज नाही.