मुलांची ‘शुगर’ आणि घरची ऐपत

‘‘मॅडम, शुगर तर बंगलेवाल्यांना होते. आमच्या पोराला कशी झाली?’’ आमच्या शाळेतल्या एका अम्मीने मला विचारले. आदले तीन-चार आठवडे तिचा मुलगा वर्गात सारखा पाणी पीत होता, दर तासाला लघवीला जायची परवानगी मागत होता. मी त्याला दोनदा रागावले होते. त्याची आजही लाज वाटते.

लहान मुलांना बहुधा होतो तो टाइप १ मधुमेह. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. मिठाई खाल्ल्याने तो होत नाही, आईच्या हयगयीनेही नाही. लठ्ठपणाशी नाते आहे ते टाइप २ चे. लोक दोन्हींना ‘शुगर’च म्हणतात, म्हणून घोटाळा होतो.

तरीही हा आजार खात्यापित्या घरांत जास्त दिसतो, त्यामागे एक कटू कारण आहे. गरिबाचे मूल पुष्कळदा निदानाआधीच दगावते. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास, मग गुंगी. घरचे म्हणतात पोट बिघडले, नजर लागली. दम करण्यात, तावीज बांधण्यात दोन दिवस जातात. दुआ जरूर करावी, पण दवाखान्याच्या वाटेवर! दफन झालेल्या मुलाची साखर कोणी तपासत नाही आणि नोंदीत तो आजार येतच नाही.

खूप तहान, वारंवार लघवी, मोठ्या मुलाचे पुन्हा अंथरूण ओले होणे, भूक असून वजन उतरणे, एवढे दिसले तर त्याच दिवशी रक्तातील साखर तपासून घ्या. बोटातून एक थेंब रक्त लागते.

इन्सुलिन १९२२ पासून माणसांना मिळते आहे. त्याआधी या मुलांना इलाजच नव्हता. आज इलाज आहे, पण तो रोजचा आणि जन्मभराचा आहे. फ्रीज नसेल तर बाटली मडक्यात, ओल्या वाळूच्या गारव्यात ठेवता येते. पट्ट्यांचे काय करायचे? एका तपासणीला एक पट्टी, पंधरा-वीस रुपयांची. दिवसाला चार म्हटल्या तरी महिन्याला दोन हजारांच्या आसपास जातात.

त्या मुलाचे अब्बा रिक्षा चालवतात. डॉक्टरांनी चार वेळा तपासायला सांगितले आहे. अम्मी दोनदाच तपासते.